काम आहे, हुद्दा नाही

बारावीचे निकाल लागले, की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील घराघरांतून ज्या चर्चा सुरू होतात, त्यांत वैद्यकी, अभियांत्रिकी आणि सरकारी परीक्षा या तीन मार्गांपलीकडचा चौथा मार्ग क्वचितच उच्चारला जातो; आणि एखाद्या मुलाने अथवा मुलीने धीर करून ‘मला डिझाइनची पदवी घ्यावयाची आहे’ असे म्हटलेच, तर वडीलधाऱ्यांच्या तोंडून वऱ्हाडी रोखठोकपणाने जो प्रश्न निघतो तो असा, की ‘चित्रं काढून का पोट भरते बाप्पा?’ हा प्रश्न अडाणीपणाचा समजून त्याची उपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. ज्या गृहस्थाने कापसाचे आणि सोयाबीनचे भाव डोळ्यांदेखत कोसळताना पाहिले आहेत, ज्याच्या जमिनीवर पतसंस्थेचा बोजा आहे आणि ज्याला दुसऱ्या अपत्याचेही शिक्षण करावयाचे आहे, त्याने चार वर्षांच्या खर्चाचा मोबदला कोठे आणि कसा मिळणार हे विचारणे हे त्याचे कर्तव्यच होय. त्या प्रश्नाला सरळ उत्तर देणे हा या लेखाचा हेतू आहे; परंतु ते देत असता त्याच प्रश्नाच्या पोटात असलेला दुसरा प्रश्नही मला वाचकांपुढे ठेवावयाचा आहे, आणि तो असा, की हा मुलगा पदवी घेऊन आपल्या गावी परतला, तर हा जिल्हा त्याला काय देणार आहे?

आपल्याकडे चित्रकलेच्या वाटेने जाणाऱ्या मुलाचा प्रवास निदान दोन पिढ्या ठरलेला होता. शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा द्यावयाच्या, त्यांत बरी श्रेणी मिळाली म्हणजे मॅट्रिकनंतर ए. टी. डी. ही कलाशिक्षकाची पदविका घ्यावयाची आणि एखाद्या शिक्षणसंस्थेच्या शाळेत ड्रॉइंगमास्तर म्हणून नेमणूक मिळवून तेथेच सेवानिवृत्त व्हावयाचे, हा त्या प्रवासाचा राजमार्ग. ज्याची आकांक्षा मोठी आणि घरची स्थिती बरी, तो नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात किंवा मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जाई. या ड्रॉइंगमास्तरांचे ऋण आपल्या गावांवर फार मोठे आहे. स्नेहसंमेलनाचा पडदा, गणेशोत्सवाची आरास, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील सुविचार, दुकानाची पाटी, मानपत्राची चौकट, या सर्व ठिकाणी त्यांचा हात फिरला, आणि तोही बहुधा चहाच्या एका पेल्यावर. गावाचे डिझाइनर तेच होते. फक्त त्या कामाला मोल असते ही गोष्ट त्यांनाही कोणी सांगितली नाही आणि गावालाही ती कधी सुचली नाही. आता शाळांतील कलाशिक्षकांची पदे आटत चालली आहेत, आणि त्या राजमार्गावर आपल्या मुलाला डोळे मिटून सोडावे अशी स्थिती राहिलेली नाही.

डिझाइन हा त्या मार्गाचाच नवा फाटा आहे अशी समजूत सार्वत्रिक असली, तरी ती चुकीची आहे. चित्र काढता येणे हे या विद्येचे एक साधन आहे. तिचे प्रयोजन मात्र माणसाच्या वापरात येणारी वस्तू, खूण, कपडा, जागा किंवा व्यवस्था ही त्या माणसाच्या सोयीची, परवडणारी आणि डोळ्यांना प्रसन्न करणारी कशी होईल याचा शोध घेणे हे आहे. स्वतंत्र भारताने या विद्येचा विचार कारखानदारीच्या पहाटेसच केला होता. केंद्र सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील चार्ल्स आणि रे एम्स हे दांपत्य येथे आले आणि १९५८ साली त्यांनी सादर केलेल्या अहवालात, हिंदुस्थानात पाहिलेल्या सर्व वस्तूंमध्ये आपल्या घरोघरच्या लोट्याची त्यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली. कारण तो भरण्यास, उचलण्यास, कमरेवर वा डोक्यावर तोलण्यास, ओतण्यास आणि घासण्यास कसा असावा हे कोणा एका बुद्धिमंताने नव्हे, तर अनेक पिढ्यांच्या हातांनी ठरविले होते. त्या अहवालाच्या पायावर १९६१ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, आणि १९६९ मध्ये मुंबईच्या पवई येथील आय. आय. टी.मध्ये औद्योगिक डिझाइनचे केंद्र निघाले. या दुसऱ्या केंद्राचे संस्थापक सुधाकर नाडकर्णी हे जे. जे.चे विद्यार्थी, पुढे जर्मनीतील उल्म येथील विख्यात विद्यालयात शिकून आलेले. महाराष्ट्रातील कलाशाळेतून निघालेली वाट यंत्रशाळेपर्यंत कशी पोहोचते याचे ते मूर्तिमंत उदाहरण.

आज या विद्येची पदवी चार वर्षांची असते. पवईच्या आणि अन्य काही संस्थांच्या प्रवेशासाठी ‘यूसीड’ ही परीक्षा २०१५ पासून होत आली आहे, आणि बारावीला विज्ञान, वाणिज्य अथवा कला यांपैकी कोणतीही शाखा घेतलेल्या विद्यार्थ्याला ती देता येते, ही गोष्ट आपल्या तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून अजून पुरेशी पोहोचलेली नाही. अहमदाबादची संस्था आणि वस्त्रप्रावरणांसाठी प्रसिद्ध असलेली ‘निफ्ट’ यांच्या परीक्षा निराळ्या. या परीक्षांत पाठांतराला फारसे स्थान नाही. निरीक्षण, कल्पना, वस्तू मनात फिरवून पाहण्याची शक्ती आणि हाताचे रेखन यांची तेथे पारख होते. आठवडी बाजारात, सुताराच्या नेटावर, कुंभाराच्या चाकापाशी आणि आईच्या चुलीपाशी वाढलेल्या मुलाकडे निरीक्षणाचे जे भांडवल असते, ते शहरातील बंद सदनिकेत वाढलेल्या मुलाकडे सहसा नसते. त्याला उणीव असते ती केवळ या परीक्षेची वार्ता आणि सरावाचे एखादे वर्ष यांची.

आता पदवीनंतरच्या मार्गांकडे वळतो. सर्वांत मोठी मागणी सध्या आहे ती संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील व्यवहार माणसाला सुलभ कसे होतील हे ठरविणाऱ्या डिझाइनरांना, आणि पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील कंपन्या त्यांना चांगले वेतन देतात. हे काम दूरच्या माणसांचे आहे असे वाटत असेल, तर आपल्या शेतकऱ्याने १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीची आठवण करावी. पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात होणारी पिकाची नोंद शेतकऱ्याने बांधावर उभे राहून, आपल्या फोनवर, छायाचित्रासह करावयाची अशी ही योजना. तिचा हेतू उत्तम, परंतु ज्याच्या बोटांना मातीची सवय आणि डोळ्यांना चाळिशीचा चष्मा, अशा माणसाला भर उन्हात काळवंडलेल्या पडद्यावर कोणती कळ कोठे दाबावी हे कळणे किती कठीण, हे ज्याने एकदा तरी पाहिले आहे, त्याला डिझाइन म्हणजे काय हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. याच्या उलट, निरक्षर मतदारालाही जे क्षणात वापरता येते ते मतदानयंत्र पाहावे. त्याच्या बाह्यरूपाची घडण करण्यात पवईच्या केंद्रातील ए. जी. राव आणि रवी पूवय्या या अध्यापकांचा वाटा होता, आणि नावासमोर चिन्ह, चिन्हासमोर निळी कळ या साध्या मांडणीमागे या विद्येचा केवढा अभ्यास उभा आहे, याची जाणीव मत देऊन बाहेर पडणाऱ्या मतदाराला होत नाही. तशी ती होऊ नये यातच त्या कामाचे यश आहे.

दुसरा मोठा मार्ग यंत्रांचा आणि वस्तूंचा. पुणे, चाकण, छत्रपती संभाजीनगरलगतचे वाळूज या पट्ट्यात वाहनांचे कारखाने आहेत. त्यांच्याशी आणि घरगुती उपकरणे, वैद्यकीय यंत्रे, फर्निचर बनविणाऱ्यांशी संलग्न असे काम वस्तुडिझाइनच्या पदवीधराला मिळते. तिसरा मार्ग स्वतःच्या कचेरीचा. १९८९ साली अहमदाबादच्या संस्थेतून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी, ज्यांत अश्विनी देशपांडे या मराठी स्त्रीचाही समावेश होता, पुण्यात ‘एलिफंट’ ही संस्था स्थापन केली. कैरीचे पन्हे घराघरांतून निघून ज्या पिशव्यांतून देशभर गेले, त्या ‘पेपर बोट’च्या वेष्टनाची घडण याच संस्थेची. अक्षराच्या क्षेत्रात र. कृ. जोशी यांनी आपल्या संगणकांवर वर्षानुवर्षे दिसत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडविला, आणि आज मराठीसह सर्व भारतीय लिप्यांच्या टंकांना जी मागणी आहे तिच्यात अक्षरप्रेमी तरुणाला उपजीविकेचे साधन आहे. सरकारी चाकरीचाही मार्ग अगदीच नाही असे नव्हे: विणकर सेवा केंद्रात प्रभाकर बरवे यांच्यासारख्या थोर चित्रकाराने १९६१ पासून वीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली, ते वाराणसीच्या विणकरांमध्ये राहिले, आणि त्या चाकरीने त्यांच्या चित्रकलेचा संसार चालविला. चलच्चित्रे, खेळ, चित्रपटांचे नेपथ्य, दागिने, प्रदर्शनांची मांडणी हे आणखी कितीतरी मार्ग आहेत. त्यांची नुसती नावे सांगून मी पालकांना भुलवू इच्छीत नाही.

भुलविणारे पुष्कळ आहेत, म्हणून येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. या पदवीचा खर्च मोठा आहे. नामांकित सरकारी संस्थांतही तो वर्षाकाठी काही लाखांत जातो आणि खासगी संस्थांत त्याहून पुष्कळ अधिक. गेल्या काही वर्षांत अशा संस्था पावसाळ्यातील अळंब्यांप्रमाणे उगवल्या आहेत, आणि त्यांतील काही उत्तम असल्या, तरी काहींच्या इमारतीत काच आणि रंग पुष्कळ असून लाकूडकामाची, धातुकामाची, छपाईची कार्यशाळा मात्र नावापुरतीही नसते. पालकाने प्रवेशाच्या दिवशी माहितीपुस्तिका बाजूस ठेवून तीन गोष्टी विचाराव्या: शिकविणाऱ्यांपैकी किती जण स्वतः हे काम करून जगले आहेत, कार्यशाळा विद्यार्थ्याला किती वाजेपर्यंत उघडी असते, आणि मागील वर्षी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची प्रत्यक्ष कामे पाहावयास मिळतील काय. या धंद्यात सनदेपेक्षा कामांचा संग्रह पाहिला जातो, आणि ज्या संस्थेतून विद्यार्थी रिकाम्या हाताने बाहेर पडतो तिची पदवी कितीही सोनेरी अक्षरांत छापलेली असो, तिच्यासाठी शेत गहाण टाकू नये, हे माझे ठाम मत आहे. नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय अथवा खामगावचे शासकीय तंत्रनिकेतन येथून आरंभ करून, पदवी पुरी करून, दोन वर्षे काम करून, मग पदव्युत्तर डिझाइनकडे वळणारा मार्ग लांबचा असला, तरी आपल्याकडील अनेक घरांना तोच झेपण्यासारखा आहे.

एवढे सांगून झाल्यावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरे होते: होय, पोट भरते, परंतु ते पुण्यात, मुंबईत, बंगळूरात भरते. ज्याला परतावयाचे आहे त्याचे काय? येथे माझ्या मनातील मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्या जिल्ह्यात डिझाइनच्या कामाची टंचाई नाही. किंबहुना इतके काम अन्यत्र क्वचितच सापडेल. टंचाई आहे ती हे काम करणाऱ्याला नेमणाऱ्या हुद्द्याची, आणि त्या हुद्द्यामागे उभ्या राहणाऱ्या तरतुदीची.

कीटकनाशकाचा एक डबा घ्या. आपल्या अमरावती विभागातीलच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर मृत्यू पावले, ही घटना विसरण्याजोगी नाही. त्या दुःखद प्रकरणात औषधांची तीव्रता, उंच वाढलेली कपाशी, फवारणीचे पंप, संरक्षक कपड्यांचा अभाव अशी कारणे पुष्कळ चर्चिली गेली. पण डब्यावरच्या कागदाकडे फारसे कोणी पाहिले नाही. नियमाप्रमाणे प्रत्येक डब्यावर एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: तांबडा म्हणजे अतितीव्र, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे सर्वांत सौम्य. हा क्रम ज्याला कोणी शिकविलेला नाही, त्याला निळा रंग पिवळ्याहून कमी घातक की अधिक हे कसे कळावे, आणि पिकाचाच रंग असलेला हिरवा पाहून हे औषध निर्धोक आहे असे त्याने का समजू नये? आतील माहितीपत्रक अनेक भाषांत, इतक्या बारीक टंकात छापलेले असते, की ते वाचण्यास उजेड, चष्मा आणि फुरसत या तिन्ही गोष्टी लागतात, आणि सकाळी सात वाजता पाठीवर पंप घेऊन निघालेल्या मजुराजवळ त्यांतील एकही नसते. संरक्षक पोशाख म्हणून जो दिला जातो तो ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उकाड्यात अर्धा तासही अंगावर टिकत नाही, म्हणून तो खुंटीलाच राहतो. कृषिसेवा केंद्राच्या भिंतीवर, फवारणीच्या जागी, दुरून दिसेल अशा चित्रभाषेत सूचना कशा असाव्यात, पाणी आणि औषध यांचे माप डब्याच्या झाकणातच कसे बसवावे, पोशाख कोणत्या सुती वस्त्राचा, किती सैल आणि किती स्वस्त शिवता येईल, हे सारे प्रश्न डिझाइनच्या पदवीधराचे आहेत. यांतील प्रत्येक प्रश्न सुटल्यास माणसे वाचतील. आणि तरीही आपल्या कृषी खात्याच्या जिल्हा कचेरीत असा प्रश्न ज्याच्या टेबलावर जावा, असे टेबलच नाही.

कापूस वेचणाऱ्या बाईकडे पाहिले, तर तीच कथा. कमरेला बांधलेल्या लुगड्याच्या ओटीत ती कापूस वेचते; वाळलेल्या बोंडाची टोके बोटे ओरखडतात, ओटी भरत जाते तसा कमरेवर भार वाढतो, आणि मजुरी किलोमागे असल्यामुळे थांबून पाठ ताठ करण्याचीही तिला उसंत नसते. कृषी विद्यापीठांनी वेचणीसाठी कोटांचे आणि पिशव्यांचे नमुने तयार केले आहेत, आणि त्यांमागील कळकळ आदरणीय आहे. परंतु नमुना तयार होणे आणि तो मोताळ्याच्या शिवारातील बाईने आपण होऊन मागून घेणे, यांमध्ये जे अंतर आहे, ते तिच्याजवळ आठ दिवस बसून, तिचे हात पाहून, नमुना पुनःपुन्हा बदलून काटावयाचे असते. तेवढा काळ कोणत्याही शास्त्रज्ञाच्या पदरी नसतो. डिझाइनरचा तर तोच पेशा.

खामगावकडे वळले, तर तेथील चांदी आठवते. कापसाच्या व्यापारामुळे १८७० साली जलंबपासून ज्या गावासाठी लोहमार्गाचा स्वतंत्र फाटा टाकला गेला, त्या गावाचा लौकिक आज रजतनगरी म्हणूनही आहे. देवमूर्ती, समया, ताटे, तांबे, निरांजने यांसाठी दूरदूरचे लोक तेथे येतात आणि चांदीच्या शुद्धतेवर डोळे झाकून विश्वास ठेवतात. हा विश्वास ही मोठी मिळकत होय. पण वस्तूचा भाव ठरतो तो वजनावर, आणि त्यावर घडणावळ. म्हणजे कारागिराच्या कल्पनेला त्या हिशोबात स्वतंत्र रकाना नाही. एखाद्या घरंदाज कारागिराने समईचा नवा घाट काढला, तर तो थोड्याच दिवसांत शेजारच्या गल्लीत उतरतो, आणि यंत्राने ठोकलेल्या परप्रांतीय मालाशी स्पर्धा करण्यासाठी त्याला वजन उतरवावे लागते. वास्तविक २००० सालच्या डिझाइन कायद्याने नव्या घाटाची नोंदणी करता येते आणि त्या नोंदणीने दहा वर्षे, व अर्ज केल्यास आणखी पाच वर्षे, नक्कल करणाऱ्याला प्रतिबंध करता येतो. अशी नोंदणी करून देणारा, कारागिराच्या घाटांचा संग्रह राखणारा, आजच्या लहान घरांतील देवघराला आणि ताटाला शोभतील असे नवे आकार त्याच्याच भट्टीपाशी बसून काढणारा एखादा पदवीधर खामगावच्या सराफपेठेने सामाईक खर्चाने ठेवला, तर त्याचे वेतन पहिल्या दोन-तीन यशस्वी घाटांतच भरून निघेल, असा माझा विश्वास आहे. त्याच खामगावात हिंदुस्तान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना आहे. तेथे वडी तयार होते, पण तिच्यावर जे वेष्टन चढते ते कसे असावे याचा निर्णय गावात होत नाही, आणि म्हणून त्या निर्णयाचे मोल गावाला कधी दिसलेच नाही.

शेगावचे उदाहरण याहून निराळे आणि उत्साह देणारे आहे. श्री गजानन महाराजांच्या दर्शनाला उत्सवाच्या दिवशी जो जनसागर लोटतो, त्याला रांगेत बसावयास जागा, पिण्यास पाणी, पायांना सावली आणि स्वच्छ परिसर मिळतो, व सेवाधारी हात जोडून ‘माउली’ म्हणत त्याला पुढे नेतात. ही व्यवस्था महाराष्ट्रात आदर्श मानली जाते. ती कोणा पदवीधराने आखलेली नाही. सेवाभावातून आणि अनेक वर्षांच्या निरीक्षणातून ती सिद्ध झाली आहे. पण आज जगातील डिझाइनच्या शाळा सेवाव्यवस्थेची रचना म्हणून जो विषय शिकवितात, त्याचा याहून उत्तम पाठ मला ठाऊक नाही, आणि आपल्या जिल्ह्यातील मुलाने तो पाठ आधी येथे वाचून मग अहमदाबादेस जावे असे मला मनापासून वाटते. ज्या जिल्ह्याला शेगावची रांग साधते, त्याच जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात केसपेपर कोठे काढावा, रक्त कोठे द्यावे आणि औषध कोणत्या खिडकीत मिळावे हे खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्याला चार जणांना विचारल्याखेरीज का कळू नये?

लोणारविषयी आणि सिंदखेडराजाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांची थोरवी सर्वांना परिचित आहे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, ज्यातील सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि जेथे १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवरावांचा वाडा, ही दोन स्थळे एकाच जिल्ह्यात असणे हे केवढे भाग्य. परंतु तेथे येणाऱ्या शाळकरी मुलाला समोरची गोष्ट समजावून सांगणारी सुवाच्य, शुद्ध मराठी फलकांची, नकाशांची आणि लहानशा वस्तुसंग्रहाची सलग योजना ही डिझाइनचीच कामगिरी आहे, आणि ती दूरच्या ठेकेदाराकडून निविदेने घेण्यापेक्षा या मातीतील जाणत्या मुलाकडून करवून घेणे अधिक श्रेयस्कर. ‘उमेद’ अभियानातील बचतगटांच्या पापड-मसाल्यांच्या पिशव्यांचेही तसेच: मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात चव उत्तम असूनही मालाला उठाव येत नाही, तेव्हा दोष बहुधा पिशवीच्या रूपात, तिच्यावरील अक्षरांत आणि तिच्या सीलबंदीत असतो.

यावर कोणी म्हणेल, की खेड्यात आणि तालुक्यात या कामाला पैसे देतो कोण? आक्षेप खरा आहे. आपल्याकडे पाटी रंगविणाऱ्याला रंगाचे पैसे मिळतात, विचाराचे मिळत नाहीत. आणि गावी परतलेल्या पदवीधराला पहिले वर्षभर आप्तेष्टांच्या लग्नपत्रिका, मित्राच्या दुकानाचे बोधचिन्ह आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक आपुलकीच्या नावाखाली फुकट करून द्यावे लागतात, व वर्षअखेर तो मुकाट्याने पुण्याची गाडी धरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बाजार आज हे मोल देणार नाही हे उघड असता, जी कामे सार्वजनिक हिताची आहेत, त्यांचे मोल सार्वजनिक तिजोरीतून आणि सहकारी संस्थांच्या नफ्यातून प्रथम दिले गेले पाहिजे. पुढे बाजार आपोआप शिकतो. विणकर सेवा केंद्रांच्या बाबतीत केंद्र सरकारने १९५० नंतरच्या दशकात नेमके हेच केले, आणि हातमागाच्या वस्त्राला पुढे जी प्रतिष्ठा लाभली तिच्यात त्या दूरदृष्टीचा वाटा आहे.

म्हणून माझी सूचना अशी. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी जे शीर्ष असते, त्यातून जिल्हाधिकारी कार्यालयाने डिझाइनच्या पाच पदवीधरांची तीन वर्षांच्या मुदतीने नेमणूक करावी, आणि त्यांतील निदान तिघे या जिल्ह्याचे रहिवासी असावेत. एक कृषी खात्याकडे, एक जिल्हा रुग्णालय व जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे, एक जिल्हा उद्योग केंद्राकडे, एक लोणार-सिंदखेडराजाच्या कामाकडे आणि एक बचतगटांकडे तैनात असावा. शासनाला ही पद्धत अपरिचित नाही. मुख्यमंत्री फेलोशिपच्या द्वारे तरुणांना मानधन देऊन प्रशासनात बसविण्याचा प्रयोग राज्याने केलेलाच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सोनार, लोहार, सुतार, कुंभार यांच्यासह अठरा व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारे आणि सवलतीचे कर्ज मिळते. त्या यादीतील आपल्या जिल्ह्याच्या कारागिरांना उद्योग केंद्राकडील हा पदवीधर जोडून दिला, तर कर्जाबरोबर घाटही मिळेल. जिल्ह्यातील मोठ्या पतसंस्थांनी आणि बाजार समित्यांनी शिष्यवृत्ती द्यावी, पण तिच्याबरोबर करार असावा, की विद्यार्थ्याने आपला शेवटच्या वर्षाचा प्रबंध या जिल्ह्यातील एखाद्या प्रश्नावर करावा आणि पदवीनंतर एक वर्ष, पूर्ण वेतनावर, येथे राहावे. सक्तीने कोणी रमत नाही. परंतु वेतन, बसावयास खोली आणि सांगावयास काम या तीन गोष्टी मिळाल्या, तर परतण्याची इच्छा असणारे तरुण आज पुण्या-बंगळूरात थोडे नाहीत.

खोलीचे म्हणाल, तर ती खामगावच्या तंत्रनिकेतनात अथवा एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेलगत असावी, म्हणजे कागदावरचा आकार त्याच दिवशी लोखंडात, लाकडात किंवा कापडात उतरवून पाहता येईल, आणि कारागिराला व शेतमजूर बाईला तेथे यावयास संकोच वाटणार नाही. पुढील वर्षाच्या आराखड्याचा मसुदा जिल्हा नियोजन समितीपुढे हिवाळ्यात येतो. त्याआधी पालकमंत्र्यांकडे, लोकप्रतिनिधींकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे हा प्रस्ताव लेखी जावा, आणि त्यात प्रत्येक पदापुढे कामाचे स्वरूप, जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा आणि दरमहा वेतनाचा आकडा स्पष्ट नमूद केलेला असावा.